पाचव्या पेपरचा खुलासा

“तिथं मुलीच्या बाजूनं बोला,” आई म्हणाली. “नियमाच्या बाजूनं बोलायला त्यांची माणसं आहेत.”

बार्शीच्या स्टँडवर सकाळची साडेपाचची गाडी लागली होती. आईने डब्याची पिशवी माझ्या हातात दिली, पण बोलत होती ती आप्पांशी. आप्पांनी बुशशर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावलं होतं आणि बगलेत फाईल धरली होती. ते हसले. माझे वडील वाद जिंकणार अशी खात्री असली तरच हसायचे.

“दोन्ही बाजू एकच आहेत, सुलभा. पोरीनं नियम मोडलेलाच नाही. मी सिद्ध करून देतो.”

“सिद्ध नका करू. नुसतं बोला,” आई म्हणाली. मग तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मागे सरली.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि पाचवी नापाससुद्धा नव्हते. पाचवीची परीक्षा मी दिलीच नव्हती. आप्पा गावातल्या एका शाळेत गणित शिकवायचे. दहावीच्या परीक्षेत त्यांनी तेवीस मुलांना कॉपी करताना पकडलं आणि बोर्डाला कळवलं. त्यात संस्थेच्या चेअरमनचा पुतण्या होता. आमच्या मागच्या गल्लीतली शालनही होती, जी रोज सकाळी माझ्या वेण्या घालून द्यायची. शालनची आई आमच्या उंबऱ्यावर बसून रडली. आप्पा तिला म्हणाले, “बाई, नियम आहे.” तेवीसच्या तेवीस जणांचे निकाल गेले. शालनचं त्याच वर्षी लग्न लावून दिलं. त्यानंतर गावाने आमच्याशी बोलणं टाकलं, वर्गातल्या पोरांनी माझ्या दप्तरात शेण भरलं, आणि आप्पांनी एक घाव दोन तुकडे केले. नोकरीचा राजीनामा दिला, माझं नाव शाळेतून काढलं आणि म्हणाले, “उद्यापासून शाळा घरी.”

त्याला सात वर्षं होत आली होती. आप्पा दिवसा डाळमिलच्या वजनकाट्यावर बसायचे. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ मला शिकवायचे. रविवारीही, दिवाळीतही. मी हुशार होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. ज्याच्याकडे दहावीचा दाखला नाही त्याच्या हुशारीला कोण विचारतो?

आणि मग त्या वर्षी एका विद्यापीठाने नवी योजना काढली. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या कुणीही बाहेरून बसावं आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे पाच पेपर द्यावेत. पास झालं की पहिल्या वर्षाचे सगळे श्रेयांक जमा, आणि प्रवेश थेट दुसऱ्या वर्षाला. ना दहावी विचारणार, ना बारावी. आप्पांनी ती जाहिरात कापून देवाच्या फोटोखाली चिकटवली. त्यांना ती सात वर्षांच्या भांडणाची पावती वाटत होती. मला मात्र त्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावरचा फोटो दिसत होता. मुलींचं हॉस्टेल, चार लोखंडी खाटा, खिडकीत केस वाळवत बसलेली एक मुलगी. तिच्यासमोर आणखी कुणीतरी बसलं असावं, कारण ती हसत होती. मी तो फोटो इतक्या वेळा पाहिला की पान घडीवर फाटलं.

पेपर एप्रिलमध्ये दिले. जुलैत निकालाऐवजी पत्र आलं. ‘पेपर क्रमांक ५ च्या उत्तरपत्रिकेत परीक्षकास उद्देशून आक्षेपार्ह मजकूर आढळल्याने आपला निकाल राखून ठेवण्यात आला आहे. पालकांसह चौकशी समितीपुढे हजर राहावे.’

आप्पांनी पत्र दोनदा वाचलं. “काय लिहिलंस तू?”

“खुलासा,” मी म्हणाले.

खुलासा हा आमच्या घरचा रिवाज होता. आप्पा घरी पेपर काढायचे, मी सोडवायची, आणि शेवटच्या पानावर खुलासा लिहायची. कोणतं उत्तर समजून आलं, कोणतं पाठ करून लिहिलं, कुठे ठोकून दिलं. आप्पा पाणी प्यायला उठले तेव्हा पुस्तकात डोकावले असेन तर तेही. या खुलाशाला दहा गुण. “उत्तर चुकलं तर त्याचे गुण जातील,” आप्पा म्हणायचे, “खुलासा खोटा निघाला तर पेपर जाईल.” मी शेकडो खुलासे लिहिले आणि मला आठाच्या वर कधी मिळाले नाहीत. वहीवर लाल शाईत आठ लिहून ते मान हलवायचे. “चांगलाय. पण काहीतरी हातचं राखतेस.”

आणि राखलेलं असायचंच.

पत्राच्या दिवशी त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “विषय शिकवले, पण परीक्षा कशी द्यायची ते शिकवायचं राहिलं! तिथं खुलासा लिहायचा नसतो, वसू. पाचही पेपरांत लिहिलास?”

“हो.”

“चौघांनी चालवून घेतला आणि पाचव्याला झोंबला.” मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. मुलीने परक्या ठिकाणीही कुणी न सांगता खरं लिहिलं, यापुढे त्यांना निकालाचं काहीच वाटेना. “काय लिहिलं होतंस पाचव्यात?”

“नेहमीसारखंच,” मी म्हणाले.

खुलाशात खोटं लिहायचं नाही एवढाच नियम होता. खुलाशाबद्दल खोटं बोलू नये असं कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी कुर्डुवाडीच्या पुढे गेल्यावर आप्पांनी फाईल उघडली. विद्यापीठाची नियमपुस्तिका त्यांनी पोस्टाने मागवली होती आणि नवव्या नियमाखाली पट्टीने रेघ मारली होती.

“हे बघ. उत्तरपत्रिकेत परीक्षकाला उद्देशून तीन गोष्टी लिहायच्या नाहीत. विनंती, प्रलोभन, धमकी. खुलासा या तिन्हींत कशात बसतो?”

“कशातच नाही,” मी म्हणाले.

“मोठ्यानं म्हण. तिथं असंच पुटपुटशील.”

“कशातच नाही!” पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं.

“बरोबर. मी त्यांना सांगणार, एक तरी विनंती दाखवा. एक दाखवा, मी मुलीचा हात धरून निघून जातो.”

खिडकीतून ऊन यायला लागलं होतं. मी डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

“आप्पा, तो खुलासा तिथं वाचून दाखवायलाच लागेल का?”

“लागेल म्हणजे? तोच तर पुरावा आहे.”

“नुसती माफी मागितली तर?”

त्यांनी फाईल मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत ते. रागावले असते तर बरं झालं असतं. “माफी चुकीची मागायची असते, वसू. खरं लिहिल्याची नाही.”

टेंभुर्णीला गाडी दहा मिनिटं थांबली. त्यांनी माझ्यासाठी खाली उतरून चहा आणला. कपावर बशी उपडी घालून, सांडू न देता. तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या ओठांवर आलंही होतं. पण मी चहा प्यायले, कप खिडकीतून परत दिला आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

विद्यापीठात आम्हाला तळमजल्यावरच्या एका खोलीबाहेर बाकावर बसवलं. आणखी चार-पाच मुलं होती, त्यांचे आईबाप होते. एक मुलगा बापाच्या शेजारी बसून मुसमुसत होता. त्याने चिठ्ठी आणली होती म्हणे. आप्पा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “आपण यांच्यातले नाही. मान वर करून बस.”

शिपायाने नाव पुकारलं. आत लांब टेबलामागे तिघं होते. मधे डॉ. पाटणकर बाई, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्या अध्यक्ष. उजवीकडे परीक्षा विभागाचे घोगरे म्हणून अधिकारी, त्यांच्यापुढे माझ्या पाच उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. तिसरे एक म्हातारे गृहस्थ होते, ते सगळा वेळ टाचणीने नखं कोरत बसले.

“वसुधा मेहेरकर तूच का?” बाईंनी विचारलं. “सगळं घरी शिकलीस?”

“हो.”

“कुणी शिकवलं?”

“यांनी.”

बाईंनी आप्पांकडे पाहून नमस्कार केला. औपचारिक नाही, मनापासूनचा. “मेहेरकर सर, खरं सांगू? मी चार पेपरांचे गुण बघितले आहेत. गणितात ब्याऐंशी आहेत. कॉलेजात रोज बसणाऱ्यांना एवढे पडत नाहीत.”

आप्पा खुर्चीत ताठ बसले. सात वर्षांत त्यांना कुणी ‘सर’ म्हटलं नव्हतं.

“आणि पाचव्या पेपरातला निबंधसुद्धा.” बाईंनी चष्मा लावला आणि वरची उत्तरपत्रिका उघडली. “विषय होता ‘घर : माझी पहिली शाळा’. वीसपैकी सतरा दिलेत परीक्षकांनी. हे बघा ना, किती छान लिहिलंय. ‘माझ्या अकराव्या वाढदिवसाला आप्पांनी मला डाळमिलच्या काट्यावर उभं केलं. जिथं ट्रक मोजतात तिथं. काटा हललाच नाही. मी रडवेली झाले, की माझं वजनच नाही. आप्पा म्हणाले, वेडे, वजन तुझं आहे, माप चुकलंय. मोजायची वस्तू बघून माप घ्यायचं असतं. मग आम्ही दोघं किराणा दुकानात गेलो आणि मी साखरेच्या पोत्यांच्या तराजूत बसले.’”

आप्पा हसले. हे हसणं वेगळं होतं, मी ते विसरून गेले होते. “चोवीस किलो भरली होती,” ते म्हणाले.

“तर माझं म्हणणं असं,” बाईंनी उत्तरपत्रिका मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. “शेवटच्या पानावर हिनं काहीतरी लिहिलंय. नियमात बसत नाही. पण मुलगी शाळेत गेलेली नाही, तिला रीत माहीत नव्हती, हे उघड आहे. एक साधं माफीपत्र लिहून द्या. ते पान आम्ही कोरं धरतो, ताकीद देतो आणि निकाल लावतो. मजकूर इथं वाचायची काही गरज नाही.”

हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी ते पान वाचलेलं आहे आणि त्या मला वाचवत आहेत, हे मला कळलं. घोगऱ्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. मी पेन उचललं. त्या क्षणी हॉस्टेलची ती खिडकी माझ्यापासून चार ओळींवर होती.

“थांब,” आप्पा म्हणाले. “माफी कशाची?”

“सर, पद्धत आहे ती.”

“नववा नियम मी वाचलाय, बाई. विनंती, प्रलोभन, धमकी. माझी मुलगी प्रत्येक पेपरच्या शेवटी खुलासा लिहिते. काय येतं आणि काय येत नाही ते कबूल करते. या इमारतीत एवढा प्रामाणिक पेपर दुसरा नसेल. तुम्ही तो वाचा. मोठ्यानं वाचा. त्यात एक तरी विनंती दाखवा, मी आत्ता उठून जातो.”

“मेहेरकर सर, माझं ऐका. मुलीचं भलं त्यातच आहे.”

“मला पूर्वी तेवीस मुलांच्या वेळीही असंच सांगितलं होतं. भल्यासाठी झाका म्हणून. मी काही झाकत नाही. वाचा.”

घोगऱ्यांच्या तोंडावर वैताग आला. बाईंनी एक सुस्कारा टाकला आणि माझ्याकडे वळल्या. “वसुधा, हा मजकूर तुझा आहे. वाचायला तुझी हरकत आहे का? तू सांग. ‘आहे’ म्हणालीस तर मी वाचू देणार नाही.”

आप्पा माझ्याकडे बघून मान हलवत होते. सांग, म्हणत होते, मोठ्यानं सांग.

एक शब्द होता. पुढे वर्षानुवर्षं मी तो शब्द मनात उच्चारून पाहिला आहे. तिथं मात्र मी म्हणाले, “नाही.”

भीतीने म्हणाले असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. त्यांनी ऐकावं असं मला वाटत होतं. त्यांच्या तोंडावर बोलायची माझी हिंमत नव्हती आणि आता ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून होणार होतं.

घोगऱ्यांनी शेवटचं पान काढलं. नोटीस वाचावी तशा आवाजात ते वाचायला लागले.

“‘खुलासा. प्रश्न एकमधला निबंध खरा नाही. पास होण्यासाठी लिहिला आहे. आमचं घर ही शाळा नाही. शाळा संध्याकाळी सुटते, रविवारी बंद असते. माझ्या वडिलांचं शाळेशी भांडण झालं आणि शिक्षा मला झाली. मला एकही मैत्रीण नाही. मी एकटी असताना मोठ्याने बोलते, ते आईने ऐकलं आहे. वडिलांना मी आवडते का त्यांचा पुरावा म्हणून आवडते, ते मला कळत नाही. त्यांचा आवाज मला नकोसा झाला आहे. सकाळी सहाला त्यांनी हाक मारली की मला मरून जावंसं वाटतं. प्रश्न दोन ते पाच मला समजून आले आहेत. कृपया मला पास करा. नापास झाले तर मला त्या घरात राहावं लागेल.’”

बाहेर कुणीतरी टाइपरायटर बडवत होतं, तेवढाच आवाज. आप्पांनी नियमपुस्तिका उघडी धरली होती आणि त्यांचं बोट नवव्या नियमावर होतं तिथंच होतं. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. त्यांच्या बोटाकडे बघत होते.

“एक तरी विनंती दाखवा म्हणत होतात,” घोगरे म्हणाले.

“घोगरे, राहू द्या,” बाई म्हणाल्या. मग त्या पुढे झुकल्या. त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मला रडू फुटेल असं वाटलं. “सर, वय आहे तिचं. या वयात मुलं काहीही लिहितात. हे मी मन मोकळं करणं समजते. विनंती समजत नाही. तुम्ही स्वतः एवढे नियमांचे जाणकार, तुम्हीही तसंच म्हणालात तर मी आत्ता शेरा लिहिते. ‘विनंती नव्हे. ताकीद देऊन निकाल जाहीर करावा.’ चालेल ना?”

आप्पांनी हात पुढे केला. घोगऱ्यांनी उत्तरपत्रिका दिली. आप्पांनी ते पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घरी वाचायचे तसं, ओळीखाली बोट सरकवत. शेवटच्या दोन ओळींशी बोट थांबलं.

“आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“विनंती आहे. ‘कृपया मला पास करा.’ ही विनंतीच आहे.”

“सर, विचार करून बोला. मग मला काही करता येणार नाही. पाचही पेपरांची संपादणूक रद्द होते. चार सत्रं बसता येत नाही. दोन वर्षं जातात तिची.”

“नववा नियम. मला माहीत आहे.”

“तिच्याकडे एकदा बघा तरी.”

आप्पांनी बघितलं नाही. खिशातून स्वतःचं पेन काढलं, कुठे सही करायची ते विचारलं आणि सही केली. मग मी केली. बाईंनी त्यांना परत नमस्कार केला नाही.

स्टँडवर परतीच्या गाडीला दीड तास होता. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. आप्पांनी डबा उघडला, झाकणात पोळी आणि शेंगाची चटणी काढून माझ्यापुढे ठेवली. मी हात लावला नाही. तेही जेवले नाहीत. उन्हाने चटणीला तेल सुटलं.

“तुम्ही ‘नाही’ म्हणाला असतात तर संपलं असतं,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी अशा आवाजात बोलले.

“ते खोटं झालं असतं.”

“शालनच्या वेळी पण असंच म्हणालात.”

“हो,” ते म्हणाले.

त्यांनी ‘आहे’ म्हटलं ते खरेपणाने की मी लिहिलं त्याचा डंख म्हणून, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही नाही. मला त्यांचा इतका संताप आला होता की समोरचा डबा फेकून मारावा असं वाटत होतं. त्यांनी पोळी-चटणी परत आत ठेवून डब्याला झाकण लावलं. झाकण नीट बसेना, ते बराच वेळ दाबत राहिले.

“खुलासा चांगला लिहिलास,” ते समोरच्या गाड्यांकडे बघत म्हणाले. “हातचं काही राखलं नाहीस. दहापैकी दहा.”

घरी आई दारातच उभी होती. तिने आमची दोघांची तोंडं पाहिली.

“कुणाच्या बाजूनं बोललात?” तिने आप्पांना विचारलं.

ते आत गेले. “दोन वर्षं,” मी म्हणाले. आई मशीनवर जाऊन बसली आणि कुणाचं तरी ब्लाऊज शिवायला लागली. त्या दिवसापासून ती आप्पांशी कामापुरतंच बोलली. ते अखेरपर्यंत तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी जागी होते. हाक आली नाही. साडेसहा झाले, सात झाले. आप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. नऊला ते डाळमिलला गेले. तिसऱ्या दिवशीही हाक आली नाही. कधीच आली नाही. माझी पुस्तकं त्यांनी माझ्या खाटेखाली नीट रचून ठेवली आणि त्यानंतर मला एक अक्षरही शिकवलं नाही. मला नकोसा झालेला आवाज बंद झाला. दोन वर्षं त्या घरात मी त्या आवाजाशिवाय राहिले, आणि शिक्षा कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. अडलेलं गणित घेऊन मी बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. ते दिसत असूनही वर बघायचे नाहीत.

एकोणिसाव्या वर्षी मी पुन्हा पाच पेपर दिले. प्रत्येकाचं शेवटचं पान कोरं ठेवलं. पास झाले, दुसऱ्या वर्षाला गेले, हॉस्टेलवर राहिले. खोलीत चार लोखंडी खाटा होत्या. मुली चांगल्या होत्या. त्यांच्याशी काय बोलायचं ते मला येत नव्हतं, आणि ते शिकायला फार उशीर झाला होता. सुट्टीत घरी गेले की आप्पा विचारायचे, “गाडीला गर्दी होती?” मी सांगायची, होती. त्यापुढे आमचं बोलणं गेलं नाही. माझ्या सत्ताविसाव्या वर्षी ते वारले. काट्यावरच बसल्या बसल्या गेले.

आता त्या दहा गुणांबद्दल.

तो खुलासा खोटा होता. निबंध खरा नाही असं मी लिहिलं, पण वजनकाटा खरा होता. साखरेच्या पोत्यांच्या तराजूत मी बसले होते, दुकानदार हसत होता, आणि आप्पांनी मला दोन्ही हातांनी उचलून खाली उतरवलं होतं. हे खुलाशात लिहायला हवं होतं, एवढं खरं आहे म्हणून. पेपर लिहिताना ते माझ्या मनात आलंही होतं. पण ते लिहिलं असतं तर पुढच्या विनंतीला जोर राहिला नसता, म्हणून मी ते हातचं राखलं. वर्षानुवर्षं माझं राखलेलं ज्यांनी प्रत्येक वेळी ओळखलं, त्यांना त्या दिवशी ते ओळखता आलं नाही. त्यांनी सगळं खरं धरलं. त्यांनी दहा दिले.

त्यानंतर ते दहा वर्षं जगले. एवढं एक वाक्य सांगायला मला दहा वर्षं मिळाली होती. मी सांगितलं नाही.